मिरची बाजूले

मंगरूळपीरात साधनाकाकूंचा ठेचा खाऊन ज्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही तो एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याला वाढताना काकूंचं लक्ष दुसरीकडे होतं. गाव संपतं तिथे, मानोऱ्याच्या रस्त्याला, त्यांचा दीड एकराचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, पुणेकरांनी इडली शोधू नये) आणि चारी बाजूंनी कुंपणासारखी मिरची. आठवडी बाजारात मिरची घ्यायला कोणी आलं की काकू आधी विचारतात, "कोणाच्या पोटाले पायजे?" आणि पोटाचा अंदाज घेऊन ढीग निवडतात.

मी समोरच राहत असल्यामुळे माझ्या पोटाचा अंदाज त्यांनी मी दुसरीत असतानाच घेतलेला आहे. माझ्या वाट्याला कायम मधला ढीग. हा अपमान मी पचवला, कारण वरचा ढीग पचला नसता.

तर अशा बाईच्या घरात एक दिवस तिखट बंद करायची पाळी आली.

झालं ते बापूकाकांमुळे. बापूकाका म्हणजे काकूंचे यजमान. माणूस शांत. या शांतपणाचं निम्मं श्रेय स्वभावाला आणि निम्मं खर्र्याला, कारण तोंडात खर्रा असला की बोलता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला हा ऐवज काकांनी अठ्ठावीस वर्षं गालात सांभाळला. मागच्या पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदा वरण झोंबलं, तेव्हा त्यांनी काकूंना दोष दिला. मग भाजी झोंबली. मग पोह्यांवरचं लिंबू झोंबलं. मग एकदा जांभई देताना जबडा अर्ध्यातच अडकला आणि काका घाबरले.

अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बोटं एकावर एक ठेवा आणि तोंडात घाला." चांगल्या माणसाची तीन जातात. काकांची दोन गेली, तीही कशीबशी. डॉक्टर म्हणाले, खर्रा आजपासून बंद, तिखट बंद. ऑपरेशन करून तोंड मोकळं करता येईल, पण आधी अंगात काहीतरी पाहिजे. एकसष्ट किलोचे काका शेहेचाळीसवर आले होते.

"पन्नास करून आणा, मग तारीख देतो."

चार किलो. काकूंच्या मळ्यातून दिवसाला चार किलो तर नुसती मेथी निघते. हे चार किलो मात्र माणसाच्या अंगावर उगवायचे होते.

खर्रा काकांनी सोडला. डॉक्टरांनी दाखवलेले फोटो पाहून सोडला, असं ते म्हणतात. काकू म्हणतात, "घालायले जागाच नोती राह्यली."

पहिल्या दिवशी काकूंनी स्वतःला आणि मुलाला नेहमीची वांग्याची भाजी-भाकर केली, आणि काकांसाठी मऊ भात, त्यावर बिनतिखटाचं वरण. काकांनी ताट पाहिलं.

"हे कोणाचं व?"

"तुमचं."

"अन् ते?"

"आमचं."

"मंग मी वेगळा निघालो म्हन की," असं म्हणून ते ताट सरकवून उठले.

बाहेरच्याला हा नखरा वाटेल. पण काकांचं घर चार भावांचं होतं, आणि ते शेतावरून नाही, भाजीवरून फुटलं. थोरल्या वहिनींनी माळ घेतली, त्यांना लसूण चालेना, म्हणून त्यांची भाजी वेगळ्या गंजात शिजू लागली. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. वर्षभरात आधी गंज वेगळा, मग चूल वेगळी, मग दार वेगळं, आणि शेवटी मोजणीवाला बांधावर उभा. तेव्हा काका बावीस वर्षांचे होते. तेव्हापासून त्यांचा एकच कायदा, घरात गंज एक. पाव्हणा येवो की निंदणाऱ्या बाया येवोत, जे शिजलं ते सगळ्यांनी खायचं.

काकूंनी मग कायदा पाळला आणि सगळ्यांचंच फिकं केलं. त्यांचा मुलगा धीरज चोवीस वर्षांचा, भाजी गाडीत घालून गावोगाव पोचवतो. त्याने आठ दिवस मान खाली घालून ते फिकं खाल्लं. नवव्या दिवशी बस स्टँडवर समोशावर तर्री ओतून घेताना त्याला पाहिलं ते नेमकं काकांनीच. घरी येऊन म्हणाले, "माह्यापायी पोट्टं बाहेर जेवून राह्यलं." आणि त्या दिवसापासून ते दोन घासांवर हात धुवायला लागले.

म्हणजे वेगळं शिजवलं तर खायचं नाही, आणि सारखं शिजवलं तर लाजेपायी खायचं नाही. भाजीच्या इलेक्ट्रिक काट्यावर धीरज दर सोमवारी वडिलांना उभं करायचा. पंचेचाळीस नऊशे. पंचेचाळीस सातशे. काकूंनी बाजारात आयुष्यात कोणाला काटा मारला नाही, पण सोमवारी त्या काट्याकडे अशा पाहत, की वाटे, आता यानेच एकदा खोटं बोलावं.

अशात विहिरीवरची मोटार जळाली आणि खालिदभाई आले.

खालिदभाई मोटारी बांधून देतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. रस्त्यापलीकडे त्यांचं दुकान आहे. त्याआधी आठ वर्षं ते ओमानमध्ये कामगारांच्या एका मेसमध्ये स्वयंपाकी होते. इकडे येऊन त्यांनी झाऱ्याला हात लावला नाही. का विचारलं तर म्हणतात, "मोटर बोलत नाई ना, की मीठ कमी पडलं."

मोटार उघडून बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे ओळखून काकूंनी त्यांना सगळी कहाणी सांगितली. खालिदभाई तारेचं वेटोळं सोडवत ऐकत होते.

"काकू, हे काय मोठा मसला हाये? आमच्या मेसमधी बिहारी, नेपाळी, फिलिपिनो, श्रीलंकेवाले. अन् चूल्हा एक. याले तिखट पायजे, त्याले नोको."

"मंग काय, मारामाऱ्या?"

"दोन वर्स मारामाऱ्याच. मंग तो व्हिएतनामवाला आला, तुआन. माह्या खांद्याले बी नोता लागत. त्यानं एकच बडा गंज चढवला. हड्डीचं पानी. एकदम साफ, तळ दिसंन असं. तिखट नाई, तेल नाई. त्यात तांदळाच्या शेवया. वरून कच्चा पाला. अन् मिरची बाजूले. ज्याले पायजे त्यानं आपल्या कटोऱ्यात घ्या. झगडा खतम."

वांगी निवडणारा काकूंचा हात थांबला.

"गंज एकच?"

"एकच."

"अन् मिरची बाजूले."

"बाजूले."

"फोडणी कवा द्याची?"

"नाई द्याची."

"शेवटी?"

"शेवटी बी नाई."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ही मोटार आता विजेशिवाय चालेल असं त्यांनी सांगितलं होतं.

पण रविवारी सकाळी गावरान कोंबडी आली. कांदे आणि आलं निखाऱ्यात काळे होईपर्यंत भाजायचे, हे काकूंना लगेच पटलं. कांदा जाळल्याशिवाय आमच्याकडेही पाव्हणचार होत नाही. दालचिनी, चक्रीफूल, धने फडक्यात बांधले. नळाखाली माजलेल्या गवती चहाची पाती ठेचून घातली. मग मंद आचेवर अडीच तास, वरचा फेस काढत राहायचं, उकळी फुटू द्यायची नाही. खालिदभाई अर्धा तास थांबले, शंभर सूचना दिल्या आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेले.

घात तिथे झाला. गंजासमोर काकू एकट्या उरल्या. आत पाणी नितळ, सोनेरी, पोहणारी कोंबडी स्पष्ट दिसते. वर तेलाचा थेंब नाही. असं वाढायचं म्हणजे पाव्हण्यासमोर रिकामं ताट ठेवायचं. तीस वर्षांच्या हाताला ते सहन झालं नाही. त्यांनी पळीत तेल तापवलं, जिरं टाकलं, तीन लाल मिरच्या टाकल्या, "नुसत्या वासापुरत्या", आणि चर्र आवाज करत ती पळी गंजात बुडवली. मिरच्या लगेच उचलून फेकल्या. पुरावा नष्ट.

काका त्या दिवशी कितीतरी दिवसांनी स्वतःहून पाटावर बसले होते. वास चांगला येत होता. त्यांनी वाटी तोंडाला लावली, एक मोठा घोट घेतला, आणि तसेच उठून नळाकडे धावले. पुढचे तीन दिवस त्यांनी थंड दुधाशिवाय कशालाही तोंड लावलं नाही. पुढच्या सोमवारी काटा म्हणाला, पंचेचाळीस दोनशे.

काकू रडल्या वगैरे नाहीत. त्या आमच्या दारात आल्या आणि फोडणीची लोखंडी पळी माझ्या हातात दिली.

"शिवम, ठेव हे तुह्या आईपाशी. म्या मांगाले आली तरी देऊ नोको."

"काकू, तुमी मागितल्यावर कोणाची हिंमत आहे न द्यायची?"

"म्हून तं तुले सांगून राह्यली. तू हिंमतीचा नाईस, पण हरवाले हुशार हायेस. कुठंतरी हरव."

मी ती इतक्या चोख हरवली, की आजतागायत मलाही सापडलेली नाही.

दुसऱ्या खेपेला खालिदभाईंना आठवलं, की पाल्यात पुदिना आणि सांबाराबरोबर तुळशीसारखं काहीतरी असायचं. काकूंनी त्यांना वृंदावनाकडे बघूही दिलं नाही. "कोंबडीत तुयस? जीभ झडंन." खालिदभाई थोडा वेळ डोकं खाजवत बसले, मग सायकल काढून गेले आणि दर्ग्याजवळच्या फूलवाल्याकडून सब्जाच्या चार जुड्या घेऊन आले. खरंच, वास तोच, तुळशीचा पण थोडा गोडसर. बापूकाकांनी बाजेवरूनच नाक वर केलं.

"हा तं मजारीवरचा वास. मले आताच निजवता का, खालिद?"

"बापूभाऊ, तिथं वरून ठेवते, इथं आतून घ्याचा. फरक हाये."

शेवयांसाठी काकूंनी कुरडयांचा सोऱ्या काढला. तांदळाच्या पिठाची उकड मळून सोऱ्यातून थेट चाळणीवर गोल गोल पाडली आणि वाफवली. मऊ, पांढऱ्या, न चावता उतरतील अशा. खालिदभाईंनी एक शेवई उचलून उजेडात धरली आणि तुआनच्या त्याहून बारीक असायच्या असं म्हणाले. काकूंनी सोऱ्या त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी ती शेवई तोंडात टाकली.

पाटासमोर मधोमध एक ताट ठेवलं. त्यात पुदिना, सांबार, सब्जा, पातळ चिरलेला कांदा, शेंगदाण्याचा कूट, आणि एका वाटीत ठेचा. वरच्या ढिगाच्या मिरच्यांचा. मग काकूंनी गंज बाहेर आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि सगळ्यांसमोर वाढलं. धीरजने दोन चमचे ठेचा कालवला आणि त्याची वाटी बघता बघता पेटली. काकांनी त्याच्या वाटीकडे पाहिलं, आपल्या वाटीकडे पाहिलं, मग गंजाकडे.

"हे त्यातलंच?"

"त्यातलंच. तुमच्या डोयासमोर वाढलं."

काकांनी एक घोट घेतला आणि थांबले. सगळेच थांबलो. मग त्यांनी शेवया उचलल्या. हळूहळू, आवाज करत, त्यांनी अख्खी वाटी संपवली आणि म्हणाले, "मीठ बराबर हाये."

आमच्याकडे नवऱ्याने केलेल्या कौतुकाला याच्या वरची पायरी नाही.

या पदार्थाला तिकडे फो म्हणतात म्हणे. काकूंनी त्याचं नाव 'खालिदचं पाणी' ठेवलं, आणि आमच्या आळीत तेच चालतं. मला विचाराल तर पहिल्या दिवशी मला ते गवती चहात कोंबडी पडल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र मी न बोलावता गेलो.

त्यानंतर काकू सुटल्याच. खालिदभाईंच्या आठवणीतून त्या एकेक पदार्थ उकरून काढायच्या आणि त्यात आपला हात घालायच्या. तुआन माशांचं खारवलेलं पाणी घालायचा, हे ऐकून त्यांनी नाकाला पदर लावला आणि त्याऐवजी भाजलेल्या तिळाची पूड आणि थोडा गूळ घातला. वार असला की कोंबडीऐवजी मुळा, गाजर आणि मक्याच्या कणसांचं पाणी. थायलंडवाला एक जण नारळाच्या दुधात भोपळा शिजवायचा. ते काकांना इतकं आवडलं, की त्यांनी मळ्यात भोपळ्याचे दोन वेल जास्त लावले. एकदा खालिदभाईंनी सांगितलं, की तिकडे तांदळाच्या पातळ कागदात पाला गुंडाळून खातात. काकू हसायलाच लागल्या. "अरे, ह्या तं आपल्या सालपापड्या!" उन्हाळ्यात ताटलीवर पीठ पसरून, वाफवून, सोलून वाळत घालतात त्या. वाळायच्या आधीच त्यांनी चार उचलल्या, त्यात काकडी, पुदिना आणि शेंगदाण्याचा कूट घालून बोटाएवढ्या सुरळ्या केल्या. काकांच्या तोंडात मावतील एवढ्याच. धीरजला तशाच बारीक. मलाही. सहा फूट उंचीच्या धीरजला ती करंगळीएवढी सुरळी खाताना बघणं हा एक वेगळा कार्यक्रम होता, पण तो एकदाही कुरकुरला नाही, आणि बस स्टँडवरच्या समोसेवाल्याने माझ्याजवळ त्याची चौकशी केली.

आळीत बोललं गेलंच. साधनाच्या घरी आता पाणी वाढतात, साधनाचा हात गेला. काकूंनी ते ऐकलं आणि बाजारात मिरचीचा भाव पाच रुपयांनी वाढवला.

काटा सत्तेचाळीसवर गेला. अठ्ठेचाळीसवर पंधरा दिवस हटून बसला. मग एका सोमवारी पन्नास शंभर दाखवून मोकळा झाला. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली.

ऑपरेशन म्हटलं की आधी भेटायला यायची रीत. शिरपूरहून व्याही येतो म्हणाले. तनुजा, काकूंची मुलगी, तिकडे दिली आहे. तिने सासरी "बाबांच्या दाढेचं काम हाये" एवढंच सांगितलं होतं. निरोप आला तसे काका उठले.

"मी वावरात जाऊन बसतो. सांग, तहसीलातून बोलावणं आलं."

"इतवारी?"

"मंग काय, त्याईच्यासमोर दोन बोटाचं तोंड घेऊन बसू? उद्या पोरीले ऐकवतील, बापानं खर्रा खाऊन तोंड बंद करून घेतलं म्हून."

"मी सांगू का," काकू म्हणाल्या, "गंज एकच चढंन. मले दुसरा चढवता येत नाई आता, तुमीच नाई चढवू देला. बसाचं तं बसा, नाईतर त्याईले सांगते, मालक वेगळे निघाले."

काका बसले.

व्याही म्हणजे भरदार मिशांचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. फाटकाशी आल्यावर त्यांनी भिंतीच्या कडेला लांब पिंक टाकली, चूळ भरली आणि हसत पाटावर येऊन बसले. काकूंनी गंज मध्ये आणला आणि वाढलं. व्याह्यांनी वाटीत वाकून पाहिलं.

"व्याहीनबाई, कोंबडी नुसती आंघोय करून गेली काय यातून?"

"न्हाऊन-धुऊन स्वच्छ झाली. तुमच्यासाठीच."

"अन् तिखट?"

"मिरची बाजूले हाये. आपापल्या हातानं घ्या. इथं कोणाची जबरदस्ती नाई."

"हे बरं हाये. वाढणारीन बी तुमी, अन् मेहनत आमची!" असं म्हणत व्याह्यांनी मोठे तीन चमचे ठेचा घातला, कालवला आणि वाटी उचलली.

पहिल्या घोटाबरोबर त्यांचा आवाज गेला. ठेच्याने माणूस हासहूस करतो, पाणी मागतो, शिव्या देतो. हे तसं नव्हतं. ते वाटी हातात धरून, गाल आत ओढून, नुसते डोळे गच्च मिटून बसले होते. धीरज हसायला लागला. मीही. काका हसले नाहीत. त्यांनी थंड दुधाचा पेला व्याह्यांसमोर सरकवला.

"कवापासून?"

"काय?"

"हे झोंबणं. कवापासून हाये?"

व्याह्यांनी दूध तोंडात धरून ठेवलं, मग गिळलं. "दिवाईपासून. तिखटच आजकालचं खराब हाये, औषधं मारतात..."

"मी बी हेच म्हनत होतो." काकांनी हात पुढे केला आणि दोन बोटं एकावर एक धरली. "माह्यी दोन जातात. खर्र्यानं. दाढ-बिढ काई नाई. गुरुवारी हे तोंड उघडाचं हाये. तुमची पाहा."

जेवणाच्या पंगतीत असं तोंडात बोटं घालणं शोभत नाही. व्याह्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडासमोर धरला आणि त्याच्या आड पाहिलं. बराच वेळ दुपट्टा खाली आला नाही. आला तेव्हा ते हळू म्हणाले, "तिसरं अटकून राह्यलं."

"अजून अर्धं तं जाते. घाई करा," काका म्हणाले.

काकूंनी ती लाल वाटी उचलून धीरजसमोर ठेवली आणि गंजातून व्याह्यांना नवी भरून दिली. नितळ. वरून सब्जा आणि कूट टाकला. व्याह्यांनी ठेच्याच्या वाटीकडे एकदा पाहिलं आणि मग मोठ्या माणसाने पहिल्यांदा शाळेत जावं तसे जेवायला लागले. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा काकांनीही आपली वाटी पुढे केली. धीरजला दोन लाल वाट्या एकट्याने संपवाव्या लागल्या. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

निघताना व्याह्यांनी सवयीने खिशात हात घातला. पुडी बाहेर आली. त्यांनी ती फेकून दिली असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्यांनी ती परत खिशात ठेवली. उघडली मात्र नाही, निदान आमच्या फाटकापर्यंत तरी. तिथून वळून म्हणाले, "गुरुवारी मी बी येतो अकोल्याले. डॉक्टरले बोटं दाखवतो."

ते गेल्यावर काकू अकोल्याची पिशवी भरायला बसल्या. चादर, तांब्या, फाईल. चार पुडांचा डबा धुऊन पुसून ठेवला.

"आठ दिवस राहावं लागंन म्हने डॉक्टर," त्या म्हणाल्या. "धीरज रोज बसनं डबा पाठवंन."

काका बाजेवर बसून ते पाहत होते.

"डबा नोको. गंज घे."

"दवाखान्यात? गंज?"

"मांगं चुली हायेत. डबा एकट्याचा असते," काका म्हणाले. "तिथं शेजारच्या खाटेवाल्याचं बी तोंड बंदच असंन."

काकूंनी डबा फळीवर ठेवला आणि गंज मावेल एवढी पिशवी शोधायला आमच्या घरी आल्या.